आधी तलवार, मग वाकळ : दहिसरच्या एका घराचं प्रकरण

मी नाटकांचे पोशाख शिवते. पाडव्याच्या आधी पंधरा दिवस माझ्याकडे शोभायात्रेवाल्यांची रांग लागते. फेटे, अंगरखे, नऊवाऱ्या, सगळं भाड्याने आणि सगळं पॉलिएस्टर. हे कुटुंब मात्र २०२४ च्या पाडव्यानंतर दोन दिवसांनी आलं. दुसऱ्या कुणाकडून भाड्याने घेतलेला अंगरखा बगलेत टरकला होता आणि अनामत बुडू नये म्हणून परत करण्याआधी गुपचूप शिवून हवा होता. अंगरखा देताना वडिलांनी पिशवीतून थर्माकोलच्या ढालीचे तीन तुकडे काढले आणि विचारलं, "याचं काही होईल का?"

काहीच होणार नव्हतं. पण तिथून सुरू झालेलं हे प्रकरण पुढे दीड वर्ष चाललं, आणि त्यातल्या बऱ्याच गोष्टी माझ्या कटिंगच्या टेबलावर घडल्या. जुना काळ अंगावर घालून पाहण्याचा छंद घरात आणायचा म्हणणारी बरीच मंडळी हल्ली भेटतात. त्यांच्यासाठी हे लिहून ठेवते आहे.

घर दहिसर पूर्वेला, दुसऱ्या मजल्यावर, वन बीएचके. वडील खासगी कंपनीत हिशेब पाहतात, आई शिक्षिका. मुलगी तेव्हा आठवीत, मुलगा तिसरीत. शिवाय वडिलांची आई, वाईजवळच्या गावची, वय चौऱ्याहत्तर. आजींचा या सगळ्याशी काही संबंध येईल असं पहिले पाच महिने कुणाच्या डोक्यातही नव्हतं, माझ्याही नाही.

पहिला पाडवा

शिवराज्याभिषेकाचं साडेतीनशेवं वर्ष चालू होतं. वडिलांच्या फोनवर गडांचे, पट्टा फिरवणाऱ्या पोरींचे, ढोलपथकांचे व्हिडिओ येत होते. त्यातच कधीतरी त्यांनी परदेशातली मंडळी पाहिली. अमेरिकेत बर्कलीला १९६६ साली एका घराच्या अंगणात मध्ययुगीन थाटाची मेजवानी झाली, त्यातून सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अनॅक्रोनिझम ही संस्था उभी राहिली. आज तिथे घरंच्या घरं तंबू ठोकून राहतात, लोकर कातणं, चामडं शिवणं, वेताच्या तलवारींनी लढणं असं सगळं करतात. इंग्लंडमध्ये १०६६ ची हेस्टिंग्जची लढाई तिच्याच रणभूमीवर पुन्हा उभी करतात. वडिलांचं म्हणणं एका वाक्याचं होतं, "त्यांच्याकडे हेस्टिंग्ज आहे, आपल्याकडे काय कमी आहे?"

कमी काहीच नाही. पण त्यांनी पहिली वस्तू घेतली ती तलवार. ऑनलाइन, शोभेची, ३,२०० रुपयांची.

तलवारीने काय काय केलं ते सांगते. एक तर ती लोकलने नेता येईना. मुंबईत तलवार, भाला, लाठी घेऊन फिरण्यावर पोलीस महाराष्ट्र पोलीस कायदा, १९५१ च्या कलम ३७ खाली वेळोवेळी बंदीचे आदेश काढतात, आणि शस्त्र कायदा, १९५९ आहेच. धार आहे की नाही हे स्टेशनवरच्या तपासणीत कुणी बोट फिरवून पाहत बसत नाही. वडिलांना तिथे पाऊण तास थांबवलं, समजावलं आणि रिक्षाने घरी पाठवलं. मिरवणुकीत शस्त्रं दिसतात ती आयोजकांनी आधी परवानगी काढलेली असते म्हणून, हे त्यांना त्या दिवशी कळलं. दुसरं, पावसाळा लागायच्या आतच म्यानात तिला ठिपके पडले. तिसरं आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे, घरात तिला हात लावायची मुभा एकट्या वडिलांना होती. मुलाला "लागेल", मुलीला "नको तो पसारा", आईला वेळ नाही. छंद घराचा म्हणून आणला आणि तो कपाटावर, वडिलांच्याच उंचीवर, ठेवला गेला.

मिरवणुकीत काय झालं ते थोडक्यात. एप्रिलचं ऊन, पॉलिएस्टर, आठ वर्षांचा मावळा. दीड तासाने तो रस्त्याकडेला बसून रडायला लागला. मुलीने सुरुवातीपासून फोटोत यायला नकार दिला होता. ढाल कुणाच्या तरी पायाखाली गेली.

कड्या

मी अंगरखा शिवून दिला, बगलेत चौकोनी तुकडा घालून. हा तुकडा नसला की हात वर करताच कापड फाटतं. भाड्याच्या पोशाखांत तो वाचवतात, कारण फोटोत कुणी हात वर करत नाही असं त्यांना वाटतं. वडिलांनी तो तुकडा बराच वेळ न्याहाळला. वस्तू कशी बनते ही ओढ त्या माणसात आहे हे मला तेव्हा दिसलं. महिनाभराने ते परत आले ते तारेचं भेंडोळं घेऊन. नागदेवी स्ट्रीटवरून दहा किलो जीआय, म्हणजे जस्त चढवलेली लोखंडी तार, दोन पकडी, एक कटर. चिलखत करणार म्हणाले.

चिलखताची कृती सोपी आहे, अंत मात्र नाही. आठ मिलिमीटरच्या सळईवर सोळा गेजची तार गुंडाळायची, स्प्रिंग होते. ती कापत गेलं की कड्या पडतात. एक कडी चार कड्यांत अडकवायची आणि तोंड मिटवायचं. युरोपात, इराणात, आपल्याकडे, साधी वीण हीच. एक कडी साधारण अर्ध्या ग्रॅमची. अंगभर सदऱ्याला वीस हजारांच्या आसपास कड्या धरा, म्हणजे साडेनऊ-दहा किलो. हात बसल्यावर तासाला शंभर कड्या होतात. म्हणजे दोनशे तास. दहिसर ते चर्चगेट जाऊन-येऊन रोजचे अडीच-तीन तास घालवणाऱ्या माणसाने हे दोनशे तास आणायचे कुठून, हा हिशेब हिशेब पाहणाऱ्यानेच केला नव्हता.

एक गोष्ट मात्र मी सांगितली आणि ती बरी सांगितली. तारेवरचं जस्त जाळून तिला "जुना रंग" आणण्यासाठी ते घरच्या गॅसवर तार तापवणार होते. जस्ताचा धूर छातीत गेला की ताप भरतो, अंग मोडून येतं. वन बीएचकेत तर मुळीच नाही. त्याऐवजी जुन्या काळची युक्ती मुलांना दिली. युरोपात चिलखत वाळू आणि व्हिनेगरबरोबर पिंपात घालून गडगडवत, त्याने गंज निघतो. इथे पाण्याची प्लास्टिकची बरणी घेतली, मूठभर वाळू, चमचाभर व्हिनेगर, कापलेल्या कड्या. मुलाने ती बरणी घरभर लाथाडत नेली. कटरने आलेल्या खरखरीत कडा गेल्या, चकाकी मंदावली आणि त्या मुलाचा या छंदात पहिल्यांदा हात लागला. खालच्या मजल्यावरून तक्रारही पहिल्यांदा आली.

मिटवलेल्या तोंडाच्या कड्या दिसायला ठीक असल्या तरी भाल्याची टोच बसली तर उघडतात. खऱ्या चिलखतात प्रत्येक कडीचं तोंड चपटं करून रिवेट मारत. आपल्याकडच्या चिलखतांत बऱ्याचदा एक ओळ रिवेटची आणि एक ओळ सलग, सांधा नसलेल्या कड्यांची असते. फोर्टच्या वस्तुसंग्रहालयातल्या शस्त्रदालनात वडील मुलांना घेऊन काचेला नाक लावून उभे राहिले ते हेच बघायला. आणि एक शब्दाची गंमत. आपण ज्याला जिरेटोप म्हणतो त्यातलं 'जिरे' फारसीतल्या जिरहवरून आलेलं आहे, म्हणजे कड्यांचं चिलखत. मी स्वतः आयुष्यभर कापडाचे जिरेटोप शिवत आले आहे.

गणपतीपर्यंत १,४०० कड्या झाल्या. चहाच्या ट्रेएवढा चौकोन. तो खांद्यावर टाकून वडील आरशासमोर उभे राहिले आणि ओरडले. गंजीफ्रॉकवर तार, खांद्याची साल निघाली.

वाकळ

"आत काहीतरी घाल की रे," आजी पलंगावरून म्हणाल्या. "उघड्या अंगावर बैलसुद्धा जू घेत नाही."

मला वाटतं या घरातला छंद खरा त्या वाक्यापासून सुरू झाला.

चिलखताच्या आत जाडसर, अनेक पदरी शिवलेला कपडा लागतोच. कडी धार अडवते, पण घावाचा मार आत जातो, तो झेलायला कापूस किंवा कापडाचे थर हवेत. युरोपात त्याला गॅम्बेसन म्हणत. ज्यांना चिलखत परवडत नसे ते नुसतं हेच घालून लढत. फ्रान्सच्या अकराव्या लुईच्या पंधराव्या शतकातल्या एका आज्ञेत असा कपडा पंचवीस-तीस पदरांचा असावा, वर हरणाचं कातडं, असं सांगितलेलं आहे. आपल्याकडेही कापूस भरून शिवलेले लढाऊ कोट होते. हे सगळं मी वडिलांना समजावून सांगत होते, तेवढ्यात आजींनी ट्रंक उघडून पाच सुती लुगडी बाहेर काढली. "वाकळच की ही. बाह्या लावायच्या एवढंच."

बरोबरच होतं. वाकळ म्हणा, गोधडी म्हणा, तिचं तंत्र आणि त्या कपड्याचं तंत्र एकच. जुनं, धुऊन मऊ झालेलं सुती कापड, पदरावर पदर, कडेपासून मध्याकडे धावदोरा. मी पंधरा वर्षं ऐतिहासिक नाटकांत योद्ध्यांना फोमच्या बंड्या घालते आहे आणि मला हे कधी सुचलं नाही. याची मला थोडी लाजही वाटली.

बंडीचा नमुना मी कापला. खांदे, पुढचे दोन भाग, पाठ. बगल पूर्ण उघडी ठेवली, कारण जाड कपड्याची बगल शिवली की हात वर होत नाही. सुरुवातीला आठ पदर घेतले, पण सुई जाईना. आजींनी दोन पदर काढले. त्या सांगत, "बोट दुखलं तर पदर जास्त झाले, आणि टाका दिसला तर कमी." हे माप मी माझ्या कारागिरांनाही आता सांगते. धावदोऱ्याच्या ओळी त्यांनी बोटभर अंतरावर धरल्या. आधी खडूने आखायला मी पट्टी दिली होती, ती त्यांनी बाजूला ठेवली.

सहा आठवडे लागले. त्या सहा आठवड्यांत घरात काय झालं ते बघण्यासारखं होतं. आई वर्गातल्या वह्या तपासून झाल्या की अर्धा तास टाके घालायला बसायची. मुलीने सुई हातात घेतली, कारण आजी शिवताना बोलायच्या. वाईकडचं बालपण, शाळेत टकळीवर सूत कातायला लावत ते, मास्तर सूत मोजून घेत ते. टकळी म्हटल्यावर मुलगा उठला आणि कुल्फीच्या काडीला बटाटा टोचून घेऊन आला. आजींनी त्या टकळीवर खरोखर सूत काढून दाखवलं. वात करायच्या कापसाचा वीतभर जाडाभरडा धागा. तो धागा त्या घरात अजून देवघरात ठेवलेला आहे.

माझं मत इथेच सांगून टाकते, कारण लोक मला हेच विचारतात. शस्त्रापासून सुरुवात केली तर हा छंद एका माणसाचा राहतो, बाकीचे प्रेक्षक होतात. कापडापासून केली तर त्यात बसायला जागा असते. कापडाचं काम मांडीवर होतं, अर्धवट ठेवता येतं, बोलता बोलता होतं, आणि मुंबईच्या घरात ते घडी घालून उशीखाली जातं. तार उशीखाली जात नाही.

एकसरचा दगड

मुलीने नोव्हेंबरात शाळेच्या प्रकल्पासाठी 'माझ्या परिसरातील इतिहास' घेतला आणि बोरिवलीत एकसरला वीरगळ आहेत असं तिला सापडलं. दहिसरहून दहा मिनिटांचं अंतर. सगळे रविवारी सकाळी गेले, मीही गेले.

लढाईत पडलेल्या माणसाच्या आठवणीसाठी उभा केलेला दगड म्हणजे वीरगळ. खालच्या चौकटींत लढाई, वरच्या चौकटीत अप्सरा वीराला घेऊन चालल्या आहेत, सगळ्यांत वर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला. महाराष्ट्रात असे दगड गावोगाव आहेत. एकसरची नवलाई म्हणजे त्यात समुद्रावरची लढाई आहे. उंच नाळेची, म्हणजे पुढचं टोक वर उचललेली जहाजं, वल्ह्यांच्या रांगा, वर सशस्त्र माणसं. बरेच अभ्यासक ही लढाई १२६५ च्या सुमाराची मानतात, उत्तर कोकणचा शेवटचा शिलाहार राजा सोमेश्वर आणि देवगिरीचा महादेव यादव यांच्यातली, जिच्यात सोमेश्वर समुद्रात बुडून गेला. काही जण हे दगड त्याहून जुने धरतात. दगड झिजलेत. पण सकाळचं तिरपं ऊन पडलं की वल्ही मोजता येतात.

मुलीने तिथेच वहीत तीन रकाने आखले. 'दिसतं', 'वाटतं', 'सोयीचं'. हे तिचं स्वतःचं. कुणी शिकवलं नव्हतं. कमरेला आखूड वस्त्र, 'दिसतं'. वस्त्र सुती, 'वाटतं'. किनार मशीनवर दुमडली, 'सोयीचं'. मी नाटकवाल्यांना ही वही दाखवावी म्हणते, पण आमचा सगळा धंदा तिसऱ्या रकान्यात चालतो.

पुढच्या महिन्यात ते अंबरनाथच्या शिवमंदिरालाही जाऊन आले. ते शके ९८२ चं, म्हणजे १०६० चं, शिलाहारांच्याच काळातलं. पण तिथल्या मूर्तींवरून पोशाख उतरवायला गेलं तर पंचाईत होते, कारण देव आणि सुरसुंदरी दागिन्यांनी मढलेल्या असतात. देवळाच्या भिंतीवर कामाला निघालेला माणूस क्वचितच असतो. वीरगळावर तोच असतो, आणि आपल्याला कपडे हवे असतात ते त्याचे.

घरात इथे पहिलं खरं भांडण झालं. मुलीने जाहीर केलं की आपण आता १२६५ चे. म्हणजे अंगरखा नाही, चोळणा नाही आणि, "बाबा, चिलखत पण नाही. दगडावर दिसत नाही." तोवर २,६०० कड्या झाल्या होत्या. वडील दोन आठवडे कुणाशी धड बोलले नाहीत, तारेचा डबा पलंगाखाली गेला. शेवटी आईने तोडगा काढला. चिलखत १६५९ चं राहील. अफजलखानाच्या भेटीला जाताना महाराजांनी कपड्यांच्या आत चिलखत घातलं होतं, तेव्हा चिलखत आणि वाकळ ही जोडी तिकडची. बाकीचे चौघे १२६५. एका घरात चारशे वर्षांचं अंतर पडलं तरी स्वयंपाकघर एकच असतं, असं ती म्हणाली. त्यावर मुलीने लगेच स्वयंपाकघराकडेही मोर्चा वळवला.

१२६५ चा डबा हा या प्रकरणातला सगळ्यांत गमतीचा भाग. बटाटा नाही, टोमॅटो नाही, मिरची नाही, शेंगदाणे नाहीत, मका नाही, काजू, पेरू, पपई नाही. हे सगळं अमेरिकेतून पोर्तुगीजांच्या काळात आणि नंतर आलं. साबुदाणाही गेला, तो ज्या कंदाचा करतात तो तिकडचाच. म्हणजे खिचडीच्या चार वस्तू एकदम बाद. आजी क्षणभर गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "मग उपवासाला काय, वरी." पुढे यादी त्यांनीच केली: नाचणीची भाकरी, कुळथाचं पिठलं, तिखटाला मिरी आणि आलं, आंबटाला कोकम, वर ओलं खोबरं. मिऱ्याचं पिठलं मी खाल्लं. तिखट जिभेवर लागत नाही, घशात लागतं. मुलाने सकाळी उठल्या उठल्या चहाही बाद असल्याचं सांगितलं, आणि साडेनऊला डोकं धरून बसलेले वडील दहा वाजता १६५९ मध्ये पळून गेले. तिथेही चहा नव्हता, पण तसं कुणी त्यांना सांगितलं नाही.

रंग आणि पत्ते

वस्त्रं बिनशिवणीची, त्यामुळे माझं काम जवळजवळ संपलं. मंगलदास मार्केटमधून कोरं सुती कापड घेतलं, खळ काढायला धुण्याच्या सोड्यात उकळलं. रंग मुलीने आपल्याकडे घेतला.

पहिला हळदीचा. सुंदर पिवळा आला आणि गॅलरीतल्या उन्हात आठवड्यात उडाला. हळद उन्हाला टिकत नाही हे मला ठाऊक होतं, पण मी बोलले नाही. काही गोष्टी उडालेल्या पाहाव्यात. दुसरा मंजिष्ठेचा, म्हणजे लाल रंग देणाऱ्या मुळीचा. काष्ठौषधीच्या दुकानात मंजिष्ठा मिळते, भरड कुटून रात्रभर भिजवायची. कापड आधी हिरड्याच्या पाण्यातून काढायचं, वाळवायचं, मग तुरटीच्या पाण्यातून, मग रंगात. पहिल्या खेपेला पातेलं खळखळ उकळू दिलं आणि कापड विटकरी-तपकिरी निघालं. मंजिष्ठेला उकळी चालत नाही, बोट पटकन बाहेर काढावं लागेल एवढंच पाणी तापवायचं आणि तासभर तिथेच धरून ठेवायचं. दुसऱ्या खेपेला मंद आच ठेवली, पाण्यात चिमूटभर खायचा चुना टाकला, कारण आपल्या नळाचं तलावाचं पाणी मऊ आणि या रंगाला थोडा चुना मानवतो. लाल आला. कुंकवासारखा नाही, पिकलेल्या सुपारीसारखा. आजींनी हात फिरवून पाहिला आणि "आमच्या आईचं लुगडं," एवढंच म्हणाल्या.

तिसरा काळा, आणि तो महाग पडला. गंजलेले खिळे, गूळ आणि पाणी बरणीत घालून पंधरा दिवस ठेवतात. आंबलेल्या त्या पाण्यात हिरड्याचं कापड बुडवलं की काळं होतं, कलमकारीवाले काळ्या रेघा याच पाण्याने काढतात. बरणीचं झाकण घट्ट लावलं होतं. नवव्या दिवशी दुपारी ते उडालं आणि गुळाचं गंजकं पाणी खालच्यांच्या वाळत घातलेल्या चादरींवर गेलं. वासाबद्दल सोसायटीची सूचना फलकावर लागली. नवीन चादरींचे ९०० रुपये भरले. बरणीवर आता फडकं बांधतात.

मुलाला रंगात रस नव्हता. त्याच्यासाठी मी पत्त्यांचं विणकाम काढलं. जुने पत्ते चौकोनी कापायचे, चार कोपऱ्यांना चार भोकं, प्रत्येक भोकातून एक दोरा. पत्ते गड्डीसारखे हातात धरून पाव वळसा फिरवायचे, मधून आडवा दोरा घालायचा, पुन्हा पाव वळसा. चार वळसे पुढे, चार मागे, आणि नक्षीचा घट्ट पट्टा तयार होत जातो. एक टोक गॅलरीच्या ग्रिलला, दुसरं मुलाच्या कमरेला. त्याने सोळा पत्त्यांचा, चौसष्ट दोऱ्यांचा मांडला. गुंता झाला की तो ग्रिलला बांधलेलाच रडायचा.

हे तंत्र उत्तर युरोपात फार जुनं. नॉर्वेत ओसेबर्गला ८३४ सालच्या दफनातून जहाज निघालं, त्यात अर्धवट विणलेला पट्टा तसाच लावलेला सापडला, पत्त्यांच्या जागी वापरलेल्या बावन्न चौकोनी तुकड्यांसकट. बावन्न म्हटल्यावर मुलगा म्हणाला, "म्हणजे पूर्ण कॅट!" मुलीने त्याचा कमरपट्टा वहीत 'सोयीचं' या रकान्यात टाकला. तो खवळला, रकाना खोडायला लागला, शेवटी म्हणाला, "मग मी नॉर्वेचा." तसंच ठेवलं. वहीत त्याचं पान वेगळं आहे, वर जहाज काढलेलं. त्याचं आणि एकसरचं जहाज शेजारी ठेवून दोन्हींची नाळ कशी वर उचललेली आहे हे तो येणाऱ्या प्रत्येकाला दाखवतो.

आणि तलवार? ती विकली. तिच्या जागी बाप-लेक रविवारी फरी-गदका शिकायला जाऊ लागले. गदका म्हणजे कातडं चढवलेली काठी, फरी म्हणजे छोटी कातडी ढाल. दांडपट्ट्यापर्यंत जायच्या आधी मर्दानी खेळात हात यावरच तयार करतात. अमेरिकेतल्या त्या मंडळींच्या वेताच्या तलवारी आणि आपला गदका यांचं गणित एकच: मार लागावा, माणूस जाऊ नये. वाकळीची बंडी तिथेच खऱ्या अर्थाने वापरात आली. वस्ताद आधी हसले, मग स्वतःच्या मुलासाठी तशीच करून मागितली. आजींनी चारशे रुपये सांगितले आणि घेतले.

दुसरा पाडवा

३० मार्च २०२५. कपडे घालून पाहायला सगळे आदल्या आठवड्यात माझ्याकडे आले. वडिलांना मी बंडी चढवून दोन्ही हात वर करायला सांगितलं. बगल उघडीच, त्यामुळे फाटायला काही नव्हतंच. वर चिलखत होतं ते छातीपुरतं, ५,००० कड्या, पाठ उघडी. पाठीवर शेला सोडून झाकलं.

मिरवणुकीत वडील आखाड्याच्या तुकडीबरोबर मावळ्यांत गेले. बाकीचे चारशे वर्षं मागे: मुलगी आणि आई मंजिष्ठेच्या तांबड्यात, मुलगा काळ्या वस्त्रावर नॉर्वेचा पट्टा बांधून, आजी रिक्षात, रिक्षाला एकसरच्या वीरगळाचं मुलीने काढलेलं चित्र लावलेलं. फार कुणी पाहिलं असं नाही. फोटो बुलेटवरच्या नऊवारीवाल्यांचे निघाले. एका काकांनी "हे कसले मावळे?" म्हणून हटकलं आणि मुलीने त्यांना सोमेश्वर शिलाहार सांगायला सुरुवात केली. काका बोरिवलीचेच निघाले, एकसरजवळ राहणारे, दगड रोज बघणारे. "ते जहाज आहे होय," म्हणाले. "आम्ही समजत होतो शेषनाग." ऊन वाढल्यावर मुलाने वस्त्राचं टोक भिजवून डोक्यावर घेतलं आणि शेवटपर्यंत चालला. सुती कापडाची ही सोय आहे.

हिशेब वडिलांनीच मला लिहून दिला. पहिल्या वर्षी, तलवार आणि भाड्याचे पोशाख धरून, एका सकाळीसाठी ५,६०० रुपये. पुढच्या वर्षी तार-पकडी १,७५०, कापड १,४००, रंगाचं सामान ६५०, दोरा १८०, संग्रहालयाची तिकिटं आणि लोकल वेगळी. चादरींचे ९०० त्यांनी 'रंग' खाली न धरता 'दंड' खाली धरले आहेत. जमेला वस्तादांचे ४०० आणि तलवारीचे १,५००.

मला विचाराल तर या घराने दोन चुका केल्या. तलवारीची पहिली, ती वर आलीच. दुसरी, पहिल्याच फटक्यात अंगभर चिलखत मांडलं. हातभर पट्टी करून तिचा गळपट्टा केला असता तर पाडव्याला ती पूर्ण असती आणि पाठ झाकावी लागली नसती. वडिलांना हे पटलेलं नाही. त्यांच्या मते मीच बंडी आखूड कापली.

यंदाच्या पावसाळ्यात चिलखत पत्र्याच्या डब्यात आहे, शिलाई मशीनचं तेल लावून, सुती फडक्यात. खोबरेल लावून पाहिलं होतं, ते चिकट होऊन त्यावर धूळ बसली. मोजणी ७,२०० वर आहे. डबा बंद असतो, पण झाकणावर मुलाचा पट्टा, सोळा पत्त्यांसकट, आणि त्यावर आजींची नवी वाकळ घडी घालून ठेवलेली असते. ही मुलीची आहे, बिनबाह्यांची, पांघरायची. मधल्या पदरात त्यांनी हळदीचं ते उडालेलं कापड घातलं आहे.